‘हा प्याला दूर कर’: दुःख नकोसं वाटणं म्हणजे देवाच्या इच्छेला विरोध का?

ख्रिस्ती माणूस प्रभूची प्रार्थना म्हणतो तेव्हा त्यात एक ओळ येते: ‘जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.’ लहानपणापासून पाठ असल्याने ती सहज म्हटली जाते. मग एखाद्या दिवशी बायोप्सीचा अहवाल हातात येतो आणि मनातून पहिला शब्द उमटतो तो ‘नको’. इथे अनेक श्रद्धाळू माणसं दुहेरी अडचणीत सापडतात. आजाराचं दुःख असतंच. वर ही टोचणी लागते की, आपल्याला हे नकोसं वाटतंय म्हणजे आपली श्रद्धा कच्ची आहे, आपण देवाच्या इच्छेविरुद्ध उभे आहोत.

ही टोचणी निराधार आहे. कुणाला धीर यावा म्हणून हे म्हटलेलं नाही. ख्रिस्ती धर्मपरंपरेने या प्रश्नावर सहाशेहून अधिक वर्षं विचार केला, कडाक्याचे वाद घातले आणि शेवटी ६८१ साली एका सार्वत्रिक धर्मपरिषदेत निर्णय दिला. त्या वादात एका म्हाताऱ्या संन्याशाची जीभ आणि उजवा हात तोडण्यात आला. वाद वरवर पाहता अगदी तात्त्विक होता: येशू ख्रिस्ताला इच्छा एक होती की दोन? पण त्याच्या उत्तरावरच आजच्या रुग्णाच्या ‘नको’चा अर्थ अवलंबून आहे.

गेथशेमानेत काय घडलं

सगळी चर्चा एका रात्रीपाशी येऊन थांबते. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू यरुशलेमबाहेर, किद्रोनच्या ओढ्यापलीकडे जैतुनांच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या गेथशेमाने नावाच्या जागी येतो. पेत्र, याकोब आणि योहान या तिघांना तो जवळ घेतो. मार्क सांगतो की तो हादरला, व्याकूळ झाला. ‘माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे, इथे थांबा आणि जागे राहा,’ असं तो त्यांना म्हणतो, थोडं पुढे जातो आणि जमिनीवर पडून प्रार्थना करतो: अब्बा, बापा, तुला सर्व काही शक्य आहे, हा प्याला माझ्यापासून दूर कर, तरी मला हवं ते नको, तुला हवं ते होऊ दे. ‘प्याला’ म्हणजे समोर ठाकलेलं दुःख आणि मरण.

हे वाक्य वाचताना आपण बहुधा शेवटाकडे धावतो. पण त्याचे भाग सुटे करून पाहायला हवेत. आधी ‘अब्बा’, म्हणजे नातं. मग ‘तुला सर्व काही शक्य आहे’, म्हणजे देव असमर्थ आहे असं मानून केलेली ही तडजोड नाही. मग मागणी, तीही आडपडदा न ठेवता: दूर कर. आणि चौथ्या पायरीवर स्वाधीन होणं. मागणी गाळली तर उरलेल्याला येशूची प्रार्थना म्हणता येणार नाही.

मत्तय आणखी एक महत्त्वाची गोष्ट टिपतो. येशू तीनदा प्रार्थना करतो आणि तिचे शब्द बदलत जातात. पहिल्यांदा: ‘होण्यासारखे असेल तर हा प्याला माझ्यावरून टळून जावो.’ दुसऱ्यांदा: ‘मी प्याल्याशिवाय हा टळून जाणार नसेल, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.’ मागणी मागे सरकली आहे, स्वीकार पुढे आला आहे. मत्तयाच्या ग्रीक मजकुरात हे शेवटचे शब्द प्रभूच्या प्रार्थनेतल्या ओळीशी तंतोतंत जुळतात. शिष्यांना जी ओळ शिकवली, तीच शिकवणाऱ्याला त्या रात्री म्हणावी लागली, आणि ती त्याच्या ओठांवर दुसऱ्या खेपेला आली. तिसऱ्यांदा त्याने पुन्हा तेच शब्द म्हटले. स्वीकाराला वेळ लागतो, तो पुन्हा पुन्हा करावा लागतो, हे शुभवर्तमानाच्या मजकुरातच आहे.

लूकच्या शुभवर्तमानात रक्ताच्या थेंबांसारखा घाम पडल्याचं वर्णन येतं. ती दोन वचनं काही अतिशय जुन्या हस्तलिखितांत नाहीत, म्हणून आजच्या अनेक आवृत्त्या तिथे तळटीप देतात. पण मुद्दा त्या दोन वचनांवर अवलंबून नाही. इब्री लोकांस पत्र स्वतंत्रपणे सांगतं की येशूने मोठा आक्रोश करत आणि अश्रू गाळत, मरणातून सोडवू शकणाऱ्याकडे विनवण्या केल्या. ते पत्र पुढे म्हणतं की त्याचं ऐकण्यात आलं. तरी दुसऱ्या दिवशी तो वधस्तंभावर मेला. ‘ऐकणं’ म्हणजे मागितलेलं हातात ठेवणं एवढाच अर्थ ज्याने धरला असेल, त्याला इथे थबकावंच लागतं. पत्राच्या दृष्टीने उत्तर मिळालं ते मरणाच्या पलीकडे, पुनरुत्थानात.

सुरुवातीला या प्रसंगाची अडचण वाटली

दुसऱ्या शतकात केल्सस नावाच्या ग्रीक टीकाकाराने नेमकं इथेच बोट ठेवलं: हा देव असेल तर रडतो कशाला, मरणाच्या भीतीतून सुटका का मागतो? त्या काळच्या सुशिक्षित माणसापुढे शांतपणे विषाचा पेला पिणारा सॉक्रेटिस होता. आपल्याकडेही ‘दुःखेष्वनुद्विग्नमनाः’ असा स्थितप्रज्ञ डोळ्यांपुढे ठेवून वाढलेल्या वाचकाला गेथशेमानेतला येशू पहिल्या वाचनात खटकू शकतो. मात्र ज्याच्या कानावर तुकोबांचे विठ्ठलाशी भांडणारे अभंग आहेत, त्याला देवापुढचा आक्रोश श्रद्धेबाहेरचा वाटणार नाही.

काही ख्रिस्ती भाष्यकारांनी या अडचणीतून पळवाट शोधली. चौथ्या शतकातले पॉइटियर्सचे हिलरी मानत की ख्रिस्ताला खरी भीती वाटलीच नाही. जेरोम लिहितात की तो स्वतःच्या यातनेसाठी नव्हे, तर त्याला धरून देणाऱ्या यहूदासाठी, शिष्यांसाठी आणि यरुशलेमसाठी खिन्न झाला. मिलानचे धर्माध्यक्ष अँब्रोस यांनी मात्र लूकवरच्या भाष्यात सरळ सांगितलं की या प्रसंगाबद्दल सबब देण्याची मला गरजच वाटत नाही. येशूची करुणा आणि थोरवी मला इथे सर्वाधिक जाणवते, असं ते म्हणतात. माझी भावना त्याने स्वतःवर घेतली नसती तर त्याने माझ्यासाठी कमी केलं असतं, असा त्यांचा युक्तिवाद आहे. मला या सगळ्या भाष्यांत अँब्रोस यांची वाट सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण ते मजकुराला जसा आहे तसा उभा राहू देतात.

एक इच्छा की दोन?

सातव्या शतकात हा प्रश्न राजकारणात ओढला गेला. ४५१ च्या खाल्केदोन परिषदेने ठरवलं होतं की ख्रिस्त एक व्यक्ती असून त्याचे स्वभाव दोन आहेत, पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य. इजिप्त आणि सीरियातल्या अनेक ख्रिस्ती लोकांना ती मांडणी मान्य नव्हती. कॉन्स्टँटिनोपलचं पूर्व रोमन साम्राज्य इराणशी आणि नंतर अरबांशी झुंजत असताना ही फूट सम्राटाला परवडणारी नव्हती. म्हणून मधला तोडगा निघाला: स्वभाव दोन म्हणा, पण इच्छा एकच म्हणा. ६३८ मध्ये सम्राट हेराक्लियसने तसा आदेश काढला. ६४८ मध्ये त्याचा नातू दुसरा कॉन्स्टन्स याने या विषयावर बोलण्यालाच बंदी घातली.

एक इच्छा मानणाऱ्यांची भीती समजण्यासारखी होती. ख्रिस्तात मानवी इच्छा वेगळी मानली तर ती देवाच्या इच्छेशी भांडेल आणि मग तो पापी ठरेल, असं त्यांना वाटे. म्हणजे त्यांच्या मनात ‘वेगळी’ आणि ‘विरोधी’ हे दोन्ही एकच होतं. आज आजाऱ्याच्या मनात जी टोचणी असते, तिचं मूळही याच समजुतीत आहे.

मॅक्सिमस नावाच्या संन्याशाने हीच समजूत तपासली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. निर्माण झालेली प्रत्येक जिवंत गोष्ट आपलं अस्तित्व धरून ठेवते. मरणापासून, वेदनेपासून मागे सरणं हा माणसाचा स्वभाव आहे आणि तो स्वभाव देवानेच दिला आहे. देवाने दिलेला स्वभाव देवाच्या विरोधात कसा असेल? विरोध होतो तो निवडीत, म्हणजे माणूस त्या ओढीचं पुढे काय करतो त्यात. ‘प्याला दूर कर’ ही ख्रिस्तातल्या मानवी इच्छेची हाक. आणि, इथे मॅक्सिमस यांची खरी भर आहे, ‘माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे’ हेही त्याच मानवी इच्छेचं वाक्य आहे. जी इच्छा मागे सरली, तीच पुढे होऊन संमती देते. मानवी इच्छा काढून टाकली तर गेथशेमानेत संमती द्यायला कुणी उरतच नाही. मग आज्ञापालन कसलं? शिवाय चौथ्या शतकात नाझियान्झसचे ग्रेगरी यांनी घालून दिलेला नियम होता: ख्रिस्ताने जे धारण केलं नाही ते बरं झालं नाही. माणसाची इच्छा हाच माणसातला आजारी भाग, आणि तीच त्याने धारण केली नसेल तर उद्धार कशाचा झाला?

पोप पहिले मार्टिन यांनी ६४९ मध्ये रोमला लॅटेरन इथे धर्मसभा घेऊन मॅक्सिमस यांची बाजू मान्य केली. सम्राटाने ६५३ मध्ये पोपना पकडून नेलं; ते ६५५ मध्ये क्रिमियातल्या हद्दपारीत वारले. मॅक्सिमस यांच्यावर खटला चालला, त्यांना आधी थ्रेसमध्ये हद्दपार केलं, आणि ६६२ मध्ये जीभ व उजवा हात तोडून आजच्या जॉर्जियात पाठवलं. तिथे १३ ऑगस्ट ६६२ रोजी, ऐंशीच्या पुढच्या वयात, त्यांचा अंत झाला. पुढे १८ वर्षांनी कॉन्स्टँटिनोपलला सहावी सार्वत्रिक परिषद भरली. ६८०-६८१ च्या त्या परिषदेने ठरवलं की ख्रिस्ताला दोन स्वाभाविक इच्छा आहेत, त्या एकमेकींच्या विरोधात नाहीत, आणि मानवी इच्छा दैवी इच्छेमागून चालते. कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात परिच्छेद ४७५ मध्ये हा निर्णय आजही दिलेला आहे. ऑर्थोडॉक्स चर्चही त्याला बांधील आहे, आणि प्रोटेस्टंट परंपरेतल्या मुख्य प्रवाहांनी तीच शिकवण पुढे चालवली.

अक्विनास यांनी केलेली फोड

तेराव्या शतकात थॉमस अक्विनास यांनी याची आणखी बारीक फोड केली, आणि व्यवहारात तीच सर्वांत उपयोगी पडते. माणसाच्या ‘मला हवं’ किंवा ‘मला नको’ मध्ये ते तीन थर दाखवतात.

पहिला थर शरीराच्या आणि इंद्रियांच्या ओढीचा. सुई टोचताना हात मागे येतो, तो विचारून येत नाही. दुसरा थर इच्छेचा, पण स्वभावतः असलेल्या इच्छेचा: जगणं, निरोगी असणं, आपली माणसं जवळ असणं हे मनाला स्वतःहून चांगलं वाटतं आणि त्याचा नाश स्वतःहून वाईट वाटतो. तिसरा थर विचारपूर्वक इच्छेचा. इथे माणूस एखादी गोष्ट तिच्यासाठी नव्हे, तर तिच्यामुळे जे साधणार आहे त्यासाठी निवडतो. अक्विनास यांचं उदाहरण उपचाराचं आहे: शरीर कापणं किंवा डागणं कुणालाही नकोच असतं, पण बरं होण्यासाठी माणूस ते पत्करतो. टेबलावर झोपलेल्या रुग्णाला कापणं हवंसं वाटत नाही आणि तरी त्याने संमतीपत्रावर सही केलेली असते. सही खोटी नसते, भीतीही खोटी नसते. ख्रिस्ताच्या बाबतीत अक्विनास म्हणतात की पहिल्या दोन थरांवर त्याला देवाला हवं होतं त्याहून वेगळं हवं असू शकत होतं. तिसऱ्या थरावर त्याने नेहमी देवाला हवं तेच निवडलं.

मग साधा माणूस देवाच्या इच्छेशी जुळला आहे की नाही, हे कुठे पाहायचं? या प्रश्नाला अक्विनास यांनी वेगळं प्रकरण दिलं आहे आणि त्यातला दाखला विसरता येत नाही. न्यायाधीशाला चोराला फाशी व्हावी असं वाटतं, कारण तो न्याय आहे. चोराच्या बायकोला फाशी होऊ नये असं वाटतं, कारण तिचा नवरा मरणार आहे, घर उघडं पडणार आहे. दोघांच्या इच्छा उलट्या आहेत आणि दोन्ही चांगल्या आहेत. न्यायाधीश साऱ्या समाजाचं हित पाहतो, बायको आपल्या घराचं. देव साऱ्या विश्वाचं हित पाहतो, माणसाला त्याच्या वाट्याचं दिसतं. तेव्हा माणसाने प्रत्येक ठिकाणी देवाला हवी तीच वस्तू मागितली पाहिजे अशी अपेक्षा नाही. त्याने जे मागायचं ते चांगल्या कारणासाठी मागावं आणि अंतिम हित देवाच्या हाती आहे हे मान्य ठेवावं, एवढी अपेक्षा आहे.

ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकात हेच आणखी धारदारपणे मांडलं होतं. बाप मरणाच्या दारात आहे. एका मुलाला तो जगावा असं वाटतं, आणि देवाने त्याचं मरण ठरवलेलं आहे. दुसऱ्या मुलाला तो मरावा असं वाटतं, आणि देवालाही तेच हवं आहे. ऑगस्टीन विचारतात, देवाच्या जवळ कोण? पहिला. त्याची मागणी देवाच्या निर्णयाशी जुळली नाही, तरी त्याचं हृदय जुळलं. दुसऱ्याची मागणी जुळली, आणि तो नालायक ठरला. ‘देवाने जे केलं तेच मला हवं होतं’ असं म्हणता येणं हे भक्तीचं माप नव्हे, हे यातून स्पष्ट होतं.

सोळाव्या शतकात जॉन कॅल्विन यांनी गेथशेमानेवर लिहिताना सुरांची उपमा दिली: निरनिराळे सूर वेगळे असतात म्हणून बेसूर होत नाहीत, त्यांची संगती जुळते. ख्रिस्ताची इच्छा पित्याच्या इच्छेपेक्षा वेगळी होती, विरुद्ध नव्हती. कॅथलिक अक्विनास आणि सुधारक कॅल्विन अनेक बाबतींत दोन टोकांना आहेत. इथे मात्र ते एकाच ठिकाणी पोचतात.

‘देवाची इच्छा’ म्हणजे नेमकं काय

इथे एक मोठी गल्लत होते आणि तिने माणसांचं खरोखर नुकसान होतं. घडलेली प्रत्येक गोष्ट ‘देवाची इच्छा’ या एकाच नावाखाली टाकली जाते. अक्विनास स्पष्ट सांगतात की पाप घडावं अशी देवाची इच्छा नसते. देव ते घडू देतो, आणि घडू देण्यातून चांगलं काढू शकतो. (कॅल्विन यांना हे ‘घडू देणं’ फार ढिलं वाटे, देवाचं शासन त्याहून थेट आहे असं ते म्हणत. पण पापाचा दोष देवावर जात नाही हे त्यांनाही मान्य होतं.) वधस्तंभाच्या कथेत हा भेद ठळक दिसतो. पित्याने पुत्राला दिलं असं नवा करार म्हणतो, आणि यहूदाने त्याला धरून दिलं असंही म्हणतो. एकाच घटनेत पित्याचा हेतू प्रेमाचा आणि यहूदाचा पैशाचा. यहूदा, मुख्य याजक, पिलात यांचं कृत्य ‘शेवटी देवाच्या योजनेत बसलं’ म्हणून चांगलं ठरत नाही.

नवऱ्याच्या मारहाणीने बेजार झालेल्या बाईला ‘हा तुझा क्रूस आहे, देवाची इच्छा समज’ असं सांगणारे लोक आजही आहेत. ते चुकीचं शिकवतात. मारणाऱ्याचं कृत्य देवाच्या आज्ञेच्या विरुद्ध आहे, आणि त्यापासून दूर जाणं हे देवाच्या इच्छेपासून दूर जाणं नव्हे. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदासंहितेतलं ११५३ वं कलम सांगतं की जोडीदारामुळे दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या शरीराला वा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्यास वैध कारण आहे, आणि थांबण्यात धोका असेल तर परवानगीची वाट न पाहताही निघता येतं.

दुःख आलं म्हणजे पापाची शिक्षा, ही समजूतही येशूने खोडली आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली. ती इतरांपेक्षा जास्त दोषी होती का, असं विचारून त्याने स्वतःच ‘नाही’ म्हटलं. जन्मांधाबद्दल शिष्यांनी ‘पाप कोणाचं, याचं की आईबापांचं?’ विचारलं तेव्हाही उत्तर ‘कोणाचंच नाही’ असं होतं, आणि मग त्याने त्या माणसाला दृष्टी दिली. आजारी माणूस समोर आल्यावर येशूने त्याला ‘सोस’ असं सांगितल्याचं एकही उदाहरण चार शुभवर्तमानांत नाही.

टाळता येईल तेवढं टाळावं का?

हो. येशूने स्वतः टाळलं. नासरेथच्या लोकांनी कड्यावरून लोटायला नेलं तेव्हा तो त्यांच्यातून निघून गेला. मंदिरात दगड उचलले गेले तेव्हा तो बाहेर पडला. यहूदियात जिवाला धोका होता म्हणून काही काळ तो गालीलातच फिरला. शिष्यांनाही ‘एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा’ असं सांगितलं. प्रेषित पौलाला दिमिष्कातल्या (आजचं दमास्कस) शिष्यांनी पाटीत बसवून रात्री गावकुसावरून खाली सोडलं. यरुशलेमात फटके मारायला बांधलं तेव्हा त्याने रोमी नागरिकत्वाचा हक्क पुढे केला आणि फटके टाळले.

सुरुवातीच्या चर्चने हे गंभीरपणे घेतलं. स्मुर्णा इथले वृद्ध धर्माध्यक्ष पॉलिकार्प दुसऱ्या शतकात मारले गेले. त्यांच्या हौतात्म्याच्या वृत्तांतात लिहिलं आहे की ते आधी शहराबाहेरच्या एका शेतावर आणि मग दुसऱ्या शेतावर लपले. त्याच वृत्तांतात फ्रुगियाच्या क्विंटस नावाच्या माणसाची गोष्ट आहे. तो आपणहून अधिकाऱ्यांपुढे गेला, इतरांनाही घेऊन गेला, आणि हिंस्र प्राणी पाहताच कोसळून देवतांना बळी अर्पण करून मोकळा झाला. वृत्तांत म्हणतो की आपणहून पुढे होणाऱ्यांची आम्ही स्तुती करत नाही, कारण शुभवर्तमान तसं शिकवत नाही. कार्थेजचे सिप्रियन २५० च्या छळात लपून राहिले आणि तिथून पत्रांनी मंडळी सांभाळली. २५८ मध्ये वेळ आली तेव्हा ते थांबले आणि १४ सप्टेंबरला मारले गेले. इंग्लंडचे थॉमस मोर निष्णात वकील होते. राजा हा चर्चचा प्रमुख आहे का, या प्रश्नावर त्यांनी मौन हाच कायदेशीर बचाव धरून जीव वाचवायचा प्रयत्न केला आणि लंडनच्या टॉवरमध्ये बंदी असताना ख्रिस्ताच्या याच खिन्नतेवर लिहिलं. ६ जुलै १५३५ ला त्यांचा शिरच्छेद झाला.

या सगळ्यांत एक कसोटी दिसते, आणि ती अगदी व्यावहारिक आहे: सुटकेची किंमत काय? सुटण्यासाठी फक्त गाव सोडावं लागणार असेल, औषध घ्यावं लागणार असेल, तक्रार नोंदवावी लागणार असेल, तर सुटावं. सुटण्यासाठी खोटं बोलावं लागणार असेल, कुणाचा विश्वासघात करावा लागणार असेल, आपल्यावर अवलंबून असलेल्याला टाकून जावं लागणार असेल, तिथे थांबावं. ख्रिस्ती माणूस दुःख निवडत नाही. तो सत्य किंवा प्रेम निवडतो, आणि कधी कधी त्याच्यासोबत दुःख येतं.

औषध, वेदनाशामक आणि तेलाचा संस्कार

‘प्रभूने वधस्तंभापूर्वी बोळ मिसळलेला द्राक्षारस नाकारला, मग मी मॉर्फिन घेऊ का?’ असा प्रश्न भाविक कुटुंबांत खरोखर विचारला जातो. चर्चने त्या नकाराचा कधी नियम केलेला नाही. पोप बारावे पायस यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना सांगितलं की वेदना कमी करण्यासाठी औषध घेणं योग्य आहे, आणि दुसरा उपाय नसेल तर त्यामुळे शुद्ध हरपली किंवा, हेतू नसताना, आयुष्य थोडं कमी झालं तरीही. आजच्या धर्मशिक्षणग्रंथातला २२७९ वा परिच्छेद तेच सांगतो आणि वेदनाशामक सेवेला उत्तेजन द्यावं असं म्हणतो. आधीचा, २२७८ वा परिच्छेद सांगतो की फार त्रासदायक, धोक्याचे किंवा अपेक्षित फायद्याच्या मानाने अवाजवी उपचार थांबवता येतात. यात मरण ओढवून घेण्याचा हेतू नसतो, ते आता टाळता येत नाही एवढंच मान्य केलेलं असतं. निर्णय रुग्णाने घ्यायचा, त्याला शक्य नसेल तर कायद्याने ज्याला अधिकार आहे त्याने, आणि रुग्णाची रास्त इच्छा पाळून.

आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार अनेक घरी अगदी शेवटच्या तासासाठी राखून ठेवला जातो. फादर दारात दिसले की रुग्ण घाबरतो, ‘आता संपलं’ असं समजतो. हे जुन्या सवयीमुळे होतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच स्पष्ट केलं की हा संस्कार फक्त मरणाच्या दारातल्यांसाठी नाही, आणि १९७२ मध्ये त्याचा विधी नव्याने ठरला. गंभीर आजार सुरू झाला की, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी, म्हातारपणाने शक्ती खालावली की तो घेता येतो. तेल कपाळाला आणि हातांना लावतात. प्रकृती पुन्हा बिघडली तर पुन्हा घेता येतो. बरं होण्याची मागणी त्या प्रार्थनेतच आहे. याकोबाच्या पत्रात मंडळीच्या वडिलांना बोलावून तेल लावावं असं सांगितलं आहे, ते आजारी माणूस उठावा म्हणूनच.

प्रार्थना कशी करावी, आणि कुठे चुकते

गेथशेमानेचा क्रम तसाच ठेवावा. आधी मागावं, आणि नेमकं मागावं. ‘सगळं बरं होऊ दे’ म्हणण्यापेक्षा ‘गाठ कर्करोगाची नसू दे’, ‘केमोच्या तिसऱ्या दिवशीची मळमळ सोसवत नाही, ती कमी कर’ असं. भीतीही तिच्या नावाने सांगावी. स्तोत्रसंहितेतलं १३ वं स्तोत्र ‘किती वेळ?’ असं चार वेळा विचारून मग विश्वासाकडे वळतं. ८८ वं स्तोत्र वळतच नाही. ते अंधारात संपतं आणि तरी ते बायबलमध्ये आहे. ज्या दिवशी विश्वासाचे शब्द फुटत नाहीत त्या दिवसासाठी ते आहे.

मग स्वाधीन होणं. ते पुढच्या सगळ्या वर्षांसाठी एकदम करायला गेलं की मन मोडतं. ‘आजचा दिवस तुझ्या हाती’ एवढंही पुरतं, आणि उद्या तेच पुन्हा. पौलाने शरीरातल्या काट्याबद्दल तीनदा विनंती केली. काटा गेला नाही, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ असं उत्तर मिळालं. उत्तर मिळेपर्यंत तो मागत होता, हे लक्षात घ्यावं.

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे पहिला भाग गाळणं. मागणी न करता थेट ‘तुझी इच्छा’ म्हणणारा माणूस पुष्कळदा स्वाधीन झालेला नसतो, तो मागण्याला घाबरलेला असतो; नकार आला तर श्रद्धा तुटेल या भीतीने तो आधीच हात मागे घेतो. दुसरी चूक भावनेवरून संमती मोजण्याची. मन शांत झालं नाही म्हणजे मी स्वीकारलं नाही, असं माणूस समजतो. इच्छेचे थर आठवावेत: तिसऱ्या थरावर ‘हो’ असताना पहिल्या दोन थरांवर थरकाप असू शकतो. तिसरी चूक दीर्घ नैराश्याला श्रद्धेची उणीव समजण्याची. झोप, भूक, जगण्याची ओढ आठवडेच्या आठवडे गेलेली असेल तर प्रार्थनेच्या जोडीने मनोविकारतज्ज्ञ गाठावा. मधुमेहाला जसा डॉक्टर लागतो तसाच इथेही लागतो. ‘तुझी इच्छा असेल तर’ ही पुस्ती सगळीकडे जोडायचीही गरज नाही. भुकेल्याला खायला मिळावं, भांडलेले भाऊ समेटावेत, ही देवाची इच्छा आहे हे आधीच सांगितलेलं आहे. तिथे अट न घालता मागावं आणि कामाला लागावं.

‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे वाक्य ज्याचं दुःख त्यानेच म्हणायचं असतं. येशूने ते स्वतःच्या प्याल्याबद्दल म्हटलं. मूल गमावलेल्या आईला शेजाऱ्याने ‘देवाची इच्छा, बाई’ म्हणणं म्हणजे तिच्या वाट्याची प्रार्थना तिच्या तोंडून काढून घेणं. सोबत्यांचं काम गेथशेमानेत वेगळंच ठरवून दिलं होतं: इथे थांबा, जागे राहा. शिष्यांना तेवढंही जमलं नाही. पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर वसईत, मुंबईत, गोव्यात चर्चमध्ये लोक मध्यरात्रीपर्यंत पाळीपाळीने जागत बसतात ते याच मागणीला धरून. घरच्या आजाऱ्याच्या बाबतीत तीच गोष्ट साध्या कामांनी होते: रात्री दवाखान्यात कोण झोपणार याची पाळी लावणं, डॉक्टर काय म्हणाले ते लिहून ठेवणं, आजारी माणूस ‘मला भीती वाटते’ म्हणाला की विषय न बदलणं.

बायबलमधल्या ईयोबावर, एका नीतिमान माणसावर, संकटं कोसळली आणि त्याचे तीन मित्र आले तेव्हा ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. मग ते बोलू लागले, देवाची बाजू घेऊन ईयोबाला त्याची चूक पटवू लागले, आणि ईयोब त्यांच्याशी आणि देवाशी भांडत राहिला. पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात देव त्या मित्रांपैकी एकाला, अलीफजला म्हणतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, तसं तुम्ही बोलला नाहीत. आणि त्या तिघांसाठी प्रार्थना करायला तो ईयोबालाच सांगतो.